२०० मिमीच्या दुर्बिणीला सेकंडरी केवढी? मुलुंडमधल्या एका दुर्बिणीचं प्रकरण

सेकंडरी केवढी घ्यायची हा प्रश्न आपल्याकडे घरी दुर्बीण करणारे जवळजवळ सगळे शेवटी विचारतात. मुख्य आरसा घासून, पॉलिश करून, कोटिंग होऊन घरी आलेला असतो, ट्यूब तयार असते, फोकसर (आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, धरून आत-बाहेर करणारी नळी) विकत घेऊन झालेला असतो आणि मग फोन येतो की आता तो छोटा तिरका आरसा केवढा मागवू. तोपर्यंत उत्तर बरंचसं ठरून गेलेलं असतं, कारण सेकंडरीचा साइज आधी ट्यूब आणि फोकसर ठरवतात, आपली आवड त्यानंतर येते. मुलुंडच्या एका दुर्बिणीत हे फार स्वच्छ दिसलं म्हणून सगळे आकडे धरून लिहितोय, ज्यांची दुर्बीण अर्धी झालीये त्यांना थेट वापरता येतील.

दुर्बीण न्यूटोनियन, म्हणजे न्यूटनने १६६८ मध्ये केली तीच रचना, तळाशी अंतर्गोल आरसा आणि वरच्या तोंडापाशी ४५ अंशात तिरका बसवलेला सपाट आरसा, जो प्रकाश बाजूच्या फोकसरकडे वळवतो. मुख्य आरसा २०० मिमी, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, म्हणजे एफ/६ (फोकल लेंथ भागिले व्यास सहा). आरसा घासलाय रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांनी, स्वतःच्या हाताने, घरातल्या बाल्कनीत. ट्यूब साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलेली, फायबरची, आतून २४० मिमी आणि जाडी ३ मिमी. फोकसर जुन्या पद्धतीचा रॅक-पिनियन, पूर्ण आत घेतला तरी ९० मिमी उंच उभा राहणारा.

दुर्बिणीचे मालक दोन आणि भांडण तिथेच होतं. काकांना बिल्डिंगच्या गच्चीवरून चंद्र, गुरू आणि शनी बघायचे होते, कारण मुलुंडच्या आकाशात तेवढंच धड दिसतं, पण जे दिसतं ते एकदम बारीक तपशिलात दिसायला हवं होतं. त्यांची भाची इंजिनिअरिंगला आहे, तिच्याकडे डीएसएलआर आहे, तिला कर्जत लोकल पकडून वांगणीला जाऊन तेजोमेघांचे फोटो काढायचे होते. काकांचा हट्ट ३५ मिमीच्या सेकंडरीचा, कारण छोटी सेकंडरी म्हणजे कमी अडथळा आणि गुरूचे पट्टे जास्त ठळक. भाचीचा हट्ट ६३ चा, कारण सेन्सरचे कोपरे काळे पडायला नकोत. ज्याच्याकडून घ्यायची होती तो दुकानदारही ६३ च घ्या म्हणत होता, मोठी घेतली की प्रकाश वाया जात नाही असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे मिळत होत्या ३५, ४२, ५० आणि ६३.

दोघांचंही म्हणणं अर्धं अर्धं बरोबर आहे. सेकंडरी प्रकाशाच्या वाटेत मधोमध उभी असते, त्यामुळे थोडा प्रकाश अडतो, पण खरी किंमत प्रकाशाची नसून कॉन्ट्रास्टची असते. अडथळाच नसलेल्या चांगल्या दुर्बिणीत ताऱ्याच्या प्रतिमेतला साधारण ८४ टक्के प्रकाश मधल्या ठिपक्यात येतो आणि उरलेला भोवतीच्या कड्यांमध्ये जातो. सेकंडरी व्यासाच्या २० टक्के असेल तर मधल्या ठिपक्यात ७६ टक्के राहतो, ३० टक्के असेल तर ६८ च्या आसपास. जो प्रकाश कड्यांमध्ये सरकला तो गुरूच्या फिकट पट्ट्यावर शेजारच्या उजळ भागातून सांडतो, आणि पट्टा आणखी फिकट दिसतो. म्हणून ग्रह बघणारे लोक छोट्या सेकंडरीच्या मागे असतात ते उगाच नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं की कॉन्ट्रास्टसाठी बघायचं ते व्यासाचं गुणोत्तर, क्षेत्रफळाचं नाही. २०० मध्ये ५० म्हणजे व्यासाने २५ टक्के, पण प्रकाश अडतो फक्त सव्वासहा टक्के, आणि सव्वासहा टक्के प्रकाश कमी झालेला डोळ्याला कळतही नाही.

आता दुसरी बाजू. मुख्य आरशावरून निघालेला प्रकाश शंकूसारखा निमुळता होत फोकसकडे जातो. फोकसपासून जितक्या अंतरावर तुम्ही सेकंडरी ठेवाल तितक्या अंतरावर शंकू जेवढा रुंद असेल तेवढी सेकंडरी कमीत कमी हवीच, नाहीतर मुख्य आरशाची कड वापरातच येत नाही. हा शंकू तिथे केवढा असतो ते साध्या त्रैराशिकाने निघतं. मुख्य आरशाचा व्यास डी, फोकल लेंथ एफ, आणि सेकंडरीच्या मध्यापासून फोकसपर्यंतचं अंतर एल, तर शंकूची रुंदी डी गुणिले एल भागिले एफ. एवढी सेकंडरी घेतली तर फक्त दृश्याच्या अगदी मधल्या बिंदूला पूर्ण आरशाचा प्रकाश मिळतो. मध्याभोवती काही मिलिमीटरच्या वर्तुळाला पूर्ण प्रकाश हवा असेल, त्या वर्तुळाला टी म्हणू, तर सूत्र असं:

सेकंडरी = टी + (डी − टी) × एल ÷ एफ

सगळी मारामारी या एलवर आहे, आणि एल कोणी मोजत नाही. आम्ही मोजला. आधी फोकल लेंथ खात्रीची करून घेतली, कारण हाताने घासलेल्या आरशाची ती ठरवलेल्यापेक्षा थोडी वेगळी निघू शकते. चांदण्या रात्री गच्चीत आरसा चंद्राकडे तोंड करून टेकवला, समोर बटर पेपर धरला आणि चंद्राची प्रतिमा सगळ्यात तीक्ष्ण कुठे होते तिथपर्यंत टेपने मोजलं. १२०० च्या दोन-चार मिमी इकडे-तिकडे आलं, तेवढं चालतं. (सूर्यावर हा प्रयोग कृपा करून कोणी करू नका, २०० मिमीचा आरसा कागद क्षणात पेटवतो आणि डोळ्याचं तर विचारूच नका.) बटर पेपरवर चंद्र जवळपास ११ मिमीचा दिसतो, हा आकडा पुढे कामाला येतो.

मग एल. ट्यूबच्या मध्यापासून आतल्या भिंतीपर्यंत १२०, भिंतीची जाडी ३, फोकसर ९०, आणि फोकस बरोबर शेवटच्या टोकाला न येता आत-बाहेर करायला जागा हवी म्हणून १०. एकूण २२३. शंकूची रुंदी आली २०० गुणिले २२३ भागिले १२००, म्हणजे ३७.२ मिमी.

इथेच ३५ चा विषय संपला. शंकूच ३७.२ चा आहे तर ३५ ची सेकंडरी मुख्य आरशाची कड कापणार. उलटं गणित केलं तर २०० चा आरसा प्रत्यक्षात १८८ चा होतो. काकांनी इतके दिवस घासलेल्या आरशाची चहूबाजूची ६ मिमीची पट्टी नुसती शोभेला राहते. आणि प्रकाशाचा हिशोब तर अजून उलटा आहे, ३५ ची लावून एकूण ८५ टक्के प्रकाश पोचतो आणि ६३ ची लावून ९०. छोटी सेकंडरी लावून मोठीपेक्षा कमी प्रकाश! काकांना हे कागदावर पटत नव्हतं, म्हणून हॉलमध्ये फरशीवर चार्ट पेपर जोडून शंकूचा फोकसकडचा भाग एकास एक प्रमाणात काढला, त्यावर पुठ्ठ्याची ३५ ची पट्टी ठेवली आणि शंकूच्या दोन्ही रेषा पट्टीच्या बाहेरून गेलेल्या त्यांना दिसल्या. सूत्रापेक्षा हे चित्र मला जास्त भरवशाचं वाटतं, ज्यांना बीजगणिताचा कंटाळा आहे त्यांनी चित्रच काढावं.

मग ६३? त्याच फोकसरवर ६३ ने जवळपास ३२ मिमीच्या वर्तुळाला पूर्ण प्रकाश मिळतो. पण सव्वा इंची आयपीसमध्ये जास्तीत जास्त २७ मिमीच्या आसपासचं वर्तुळच दिसू शकतं, आणि कडेला थोडा कमी प्रकाश असला तर डोळ्याला तो दिसत नाही, कारण तो हळूहळू कमी होत जातो. कडेला ३० टक्के प्रकाश कमी म्हणजे ०.४ मॅग्निट्यूडसुद्धा (ताऱ्यांची तेजस्विता मोजायचं एकक) नाही. नुसतं डोळ्याने बघायचं असेल तर माझ्या मते मध्याभोवती १२-१३ मिमी पूर्ण उजळ असलं की पुष्कळ झालं, त्यात अख्खा चंद्र मावतो. बत्तीस मिमी उजळ करण्यासाठी ३१ टक्क्यांचा अडथळा कायमचा घेऊन बसायचं हे मला अजिबात पटत नाही. दुकानदाराचा सल्ला वाईट हेतूने नव्हता, पण तो समोरच्याची ट्यूब आणि फोकसर न विचारता दिलेला होता, आणि असा सल्ला कोणाचाही घेऊ नये.

राहिले ४२ आणि ५०. जुन्या फोकसरवर ४२ ने फक्त ६ मिमी पूर्ण उजळ मिळत होतं आणि ५० ने १६. म्हणजे ५० घ्या आणि विषय संपवा असं वाटेल, पण मी आधी फोकसरकडे बोट दाखवलं. ९० मिमीचा फोकसर हा या ट्यूबवर विनाकारण उंच आहे. लो-प्रोफाइल फोकसर ५० मिमीचा मिळतो. तो लावला, आत-बाहेर करायला १२ मिमी ठेवले, तर एल होतो १८५ आणि शंकू ३०.८. आता ४२ ची सेकंडरी १३ मिमी पूर्ण उजळ देते, अडथळा २१ टक्के. काका एकदम खूश. म्हणाले, "अरे मग हेच करू, हिला कशाला विचारायचं."

पण कॅमेरा होताच. डीएसएलआरचा सेन्सर फोकसरच्या तोंडावर नसतो, बॉडीच्या आत असतो. तिच्या कॅननला टी-रिंग (कॅमेरा फोकसरला जोडायची कडी) धरून ५५ मिमी लागतात. म्हणजे फोटोच्या वेळी फोकस फोकसरच्या बाहेर ५५ मिमी गेला पाहिजे, वर ५ मिमी फिरवायला, आणि एल होतो २३३. हे साधायला मुख्य आरसा ट्यूबमध्ये ४८ मिमी वर सरकवावा लागतो. लो-प्रोफाइल फोकसर घेऊनसुद्धा कॅमेऱ्यासाठी एल जुन्या फोकसरपेक्षा जास्त! डोळ्यासाठी आणि कॅमेऱ्यासाठी ही एकच दुर्बीण प्रत्यक्षात दोन वेगळ्या दुर्बिणी आहेत, आणि सेकंडरी एकच आहे.

तिच्या एपीएस-सी सेन्सरचा कर्ण २७ मिमीच्या जरा आत, म्हणजे कोपरा मध्यापासून साडेतेरा मिमीच्या आसपास. २३३ च्या एलवर ५० ची सेकंडरी मध्याभोवती १४ मिमी पूर्ण उजळ ठेवते आणि अगदी कोपऱ्यात ८७ टक्के प्रकाश पोचतो. ४२ ची असेल तर फक्त ४ मिमी पूर्ण उजळ आणि कोपऱ्यात ७२ टक्के. ६३ असेल तर कोपऱ्यापर्यंत शंभर टक्के. भाचीचा आक्षेप बरोबर होता की ८७ म्हणजे शंभर नाही. पण फोटो काढणारे लोक फ्लॅट फ्रेम (सारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो, ज्याने कडेचा कमी उजेड नंतर दुरुस्त करतात) घेतातच, १३ टक्क्यांचा उतार फ्लॅटमध्ये निघून जातो. शिवाय एफ/६ च्या आरशाला सेन्सरच्या कोपऱ्यात कोमा दिसतो, तारे शेपटीवाले होतात, आणि कोमा करेक्टर लावेपर्यंत तो भाग क्रॉप होणारच. जे कापून टाकायचं त्याच्यावर शंभर टक्के प्रकाश टाकण्यासाठी मामाच्या गुरूवर ३१ टक्के अडथळा का घालायचा?

काकांची भीती अजून होती. ४२ च्या जागी ५० घेऊन गुरू बिघडला तर? हे गणिताने सुटत नाही, बघूनच सुटतं. आमच्या दुर्बीणवाल्या ग्रुपमधल्या एकाकडे तयार २०० मिमी एफ/६ डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची न्यूटोनियन) आहे, त्यात सेकंडरी ५० ची. काळ्या कार्डपेपरच्या गोल चकत्या कापल्या, ६३ आणि ७५ मिमीच्या, आणि त्या सेकंडरीच्या होल्डरला पुढून चिकटवता येतील अशा केल्या, म्हणजे अडथळा २५ वरून ३१ आणि मग ३७ टक्के. अडथळा कमी करून बघता येत नाही पण वाढवून बघता येतो, आणि वाढवून किती फरक पडतो ते कळलं की कमी करून किती पडेल याचा अंदाज येतो. गुरू मिथुनेत होता, मुंबईतून मध्यरात्री जवळपास डोक्यावर येणारा, त्यामुळे हवेच्या कमीत कमी थरातून बघत होतो. ६ मिमीचा आयपीस, २०० पट. चकती भाची बदलायची, कोणती लावलीये ते सांगायची नाही, काका आयपीसला.

"मामा, तू आता सांग, कुठली आहे?"

७५ ची त्यांनी बऱ्याचदा ओळखली, उत्तरेचा पातळ पट्टा फिका पडला म्हणाले. ६३ आणि नुसती ५० यात त्यांची गल्लत होत राहिली, आणि हवा जरा हलली की ७५ ची पण ओळखता येईना. २५ आणि ३१ मध्ये जर अनुभवी डोळा अडखळतो तर २१ आणि २५ मध्ये काय दिसणार? तिथे काकांनी ४२ सोडली, कोणी सोडायला लावली नाही. मला या सगळ्या प्रकरणात ही रात्र सगळ्यात महत्त्वाची वाटते. कड्यांमध्ये किती टक्के प्रकाश गेला हे मी त्यांना कितीही वेळा सांगितलं असतं तरी त्यांच्या मनातली शंका गेली नसती, आणि शंका घेऊन माणूस दुर्बिणीला डोळा लावतो तेव्हा प्रत्येक धूसर रात्रीचा दोष सेकंडरीवर टाकतो.

५० च्या बाजूने आणखी एक कारण होतं जे यादीत कोणी धरत नाही. सपाट आरशाची अगदी कड बऱ्याचदा थोडी गळालेली असते, शेवटचा एक-दीड मिमी. शिवाय काही होल्डरना पुढून ओठ असतो तो आरशाच्या कडेवर येतो. दोन्ही बाजूंनी दीड मिमी धरा, ५० ची कामाची सेकंडरी ४७. डोळ्याच्या मांडणीत तरीही १९ मिमी पूर्ण उजळ, कॅमेऱ्याच्या मांडणीत १० मिमी. ४२ ची झाली असती ३९, आणि कॅमेऱ्याच्या मांडणीत शंकू ३८.८, म्हणजे हातात काहीच उरत नाही, सेकंडरी मिलिमीटरभर सरकली तरी मुख्य आरशाची कड कापली जाणार.

शेवटी ऑर्डर गेली ५० ची आणि लो-प्रोफाइल फोकसरची. ऑर्डर देताना दोन गोष्टी लिहून घेतल्या. पहिली, ५० हा छोटा व्यास, कारण तिरकी सेकंडरी लंबवर्तुळाकार असते आणि मोठा व्यास १.४१ पट, म्हणजे ७१. एखादा विक्रेता मोठा व्यास सांगत असेल तर ५० म्हणून भलतीच छोटी वस्तू घरी येईल. दुसरी, सपाटपणा. साइजवर महिनाभर वाद घालणारे लोक सपाटपणाचं साधं विचारतसुद्धा नाहीत, आणि वाकडी सेकंडरी गुरूचं जेवढं नुकसान करेल तेवढं ४२ ची ५० केल्याने सात जन्मात होणार नाही. पैसे वाचवायचेच असतील तर माउंटच्या लाकडात वाचवा, इथे नको.

होल्डर काकांनी लेथवर करून घेतला, ओठ नसलेला, आरसा मागून सिलिकॉनच्या तीन टिपक्यांवर चिकटवलेला, स्क्रू नागदेवीवरून स्टेनलेसचे आणले कारण मुंबईच्या दमट हवेत साधे स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात. सेकंडरी अगदी मध्यावर न लावता मुख्य आरशाकडे २ मिमी आणि फोकसरपासून लांब २ मिमी सरकवली. तिरका आरसा शंकूला कापतो तेव्हा त्याची मुख्य आरशाकडची बाजू शंकूच्या रुंद भागात असते, त्यामुळे पूर्ण उजळ वर्तुळ मध्यावर यायला एवढं सरकवावं लागतं. हिशोब सोपा, सेकंडरीचा छोटा व्यास भागिले एफ-नंबरच्या चौपट, इथे ५० भागिले २४. डोळ्याने बघणाऱ्याने नाही केलं तरी चालतं, फोटो काढणाऱ्याने करावं, नाहीतर फ्लॅटमध्ये उजेड एका बाजूला झुकलेला दिसतो.

बसवल्यावर तपासायची पद्धत बिनखर्चाची आहे. फोकस जिथे येतो त्या पातळीवर एक कार्ड धरायचं, त्याला मधोमध सुईने भोक पाडायचं, मध्यापासून साडेसहा मिमीवर दुसरं भोक, आणि कडेला १३ वर तिसरं. प्रत्येक भोकातून डोळा लावून सेकंडरीत बघायचं. मुख्य आरशाची संपूर्ण गोल कड दिसली तर त्या जागी पूर्ण प्रकाश आहे, कड कुठे कापलेली दिसली तर तेवढा प्रकाश गेला. डोळ्याच्या मांडणीत पहिल्या दोन्ही भोकांतून पूर्ण गोल दिसला, तिसऱ्यातून एका बाजूला बारीक चंद्रकोरीएवढी कड गेलेली. कॅमेऱ्याच्या मांडणीत ती कोर जरा जाड. मुख्य आरशाच्या सेलसाठी (आरसा धरणाऱ्या बैठकीसाठी) ट्यूबला ४८ मिमी अंतराने भोकांचे दोन संच पाडलेत, चार बोल्ट काढून सेल वर सरकवायचा आणि परत कॉलिमेट करायचं, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवायचे. वांगणीला निघण्याआधी भाची हे घरीच करून जाते, कारण अंधारात टॉर्च तोंडात धरून करायचं काम नाही ते, आणि गुरूचे फोटो काढायचे असतील तर सेल हलवायचाही नाही, छोट्या सेन्सरचा कॅमेरा थेट आयपीसच्या जागी जातो आणि त्याला मधले पाच मिमी उजळ असले तरी पुरतात.